पिवळ्या रंगातला आवा

“अरं, वरनं काय बघतोस? खाली उतर की! वरनं काय दिसतंय तुला?”

बाई खालून ओरडत होती आणि मी वर रस्त्याच्या कडेला उभा होतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फळी, फळीवर नकाशा अडकवलेला आणि पेन्सिल दातांत. आषाढाचे दिवस होते. रस्ता आणि तिचं आवार ह्यांच्यामध्ये दहा-बारा फुटांचा उतार होता, आणि त्यावर असा काही चिखल की पाय ठेवला असता तर मी थेट तिच्या दारात जाऊन पोचलो असतो. तोही बसून.

“काय आहे खाली?” मी वरूनच विचारलं.

“आवा हाय. आमचा आवा. मडकी भाजतो आमी.”

मी वाकून बघितलं. गुडघाभर गवत, त्यात एक काळपट उंचवटा, आणि उंचवट्याच्या आडोशाला दोन गाढवं तोंडं फिरवून उभी. बाकी काही नाही.

“आवा कुठं दिसत नाही!”

“आता कसा दिसंल? पावसात कुनी आवा लावतं व्हय? घट बसायच्या आदी ये, मग बग. पार हायवेवरनं धूर दिसतोय आमचा.”

“बरं बरं,” मी म्हणालो, हात हलवला आणि पुढं सरकलो. जाता जाता नकाशावरच्या त्या तुकड्यात पेन्सिलीनं एक शब्द लिहिला. ‘मोकळी’.

साल त्र्याऐंशी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि महापालिकेच्या नगररचना खात्यात सर्व्हेअर होतो. तोही रोजंदारीवर. शहराची हद्द नुकतीच वाढली होती आणि आजूबाजूची अकरा गावं एका सहीनं शहरात आली होती. त्यांतलंच हे मोरवळे. त्या सगळ्या भागाचा विकास आराखडा करायचा होता. म्हणजे पुढची वीस वर्षं कुठं घरं होतील, कुठं कारखाने, कुठं दुकानं, कुठं बाग, हे आत्ताच ठरवून ठेवायचं. मोठे साहेब ते ठरवणार. पण ठरवण्याआधी आज कुठं काय आहे हे कळायला हवं, आणि ते कळवायला आम्ही. गल्लीबोळ पायाखाली घालायचे आणि प्रत्येक तुकड्यावर लिहायचं. घर असेल तर घर, गिरणी असेल तर गिरणी, काहीच नसेल तर मोकळी.

आता गंमत बघा. मोरवळ्यात कुंभारांचे आवे होते, ओढ्याकाठी वीटभट्ट्या होत्या. हे सगळे धंदे पावसाळ्यात बंद असतात, शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक. पण सर्व्हे ठरला आषाढ-श्रावणात, कारण दिवाळीच्या आत नकाशे पूर्ण व्हायला हवे होते. आमच्या खात्यात एकालाही ते सुचलं नाही. आम्ही सगळे पेठेतले, नळाचं पाणी पिऊन वाढलेले. माठ बाजारात मिळतो एवढंच आम्हाला माहीत.

तर त्या बाईंचं नाव सगुणाबाई. सगुणाबाई कुंभार. हे मला नंतर कळलं.

नवरात्राला चार दिवस होते. दुसऱ्या कुठल्या तरी जागेची मापं चुकली होती म्हणून मी बसनं मोरवळ्याला चाललो होतो. हायवेवर वळण घेताना खिडकीतून धूर दिसला. पांढरा, जाड, सरळ वर चढणारा धूर. मी स्टॉप सोडून अलीकडंच उतरलो आणि चालत गेलो.

उतार आता वाळून टणक झाला होता. सगुणाबाई खालीच उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत हात राखेनं पांढरे. पंचेचाळिशीच्या असतील. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा तुळशीराम हाताशी आलेला, आणि आवा ह्या बाई स्वतः रचत होत्या.

त्यांनी मला लगेच ओळखलं. “आलास व्हय! आज तरी उतरशील का वरनंच जाशील?”

मी उतरलो. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आवा पाहिला. खाली गोवऱ्यांचा थर, त्यावर घट रचलेले, त्यावर भुस्सा, परत घट, आणि सगळ्यावर राख आणि ओल्या मातीचं पांघरूण. आत धग, बाहेर नुसता धूर. बाजूला शे-दीडशे घट आधीच निघालेले, लालबुंद. शहरातल्या निम्म्या घरांचे घट इथून जात, असं तुळशीरामनं सांगितलं.

“आणि तो उंचवटा?” मी विचारलं. “पावसात दिसला होता मला.”

“त्यो उंचवटा न्हवं बाबा, ती राख हाय. माज्या आजेसासऱ्यापासनं साठलीया. तिच्यातच आवा लागतो. नव्या जमिनीवर मडकं नीट भाजत न्हाय, तडकतं. ही राख कशी उचलून न्येनार कुनी?”

मला लाज वाटली. खरंच वाटली. चहा दिला त्यांनी, गुळाचा. मी तो पिता पिता सगळं सांगून टाकलं. नकाशावर मी ‘मोकळी’ लिहिलंय, आणि ते तसंच राहिलं तर उद्या त्या जागेवर दुसरंच काहीतरी दाखवतील. आवा आहे असं लिहिलं, तर निदान जुना धंदा म्हणून तो राहू देतील.

सगुणाबाईंनी शांतपणे ऐकलं. “मग आता लिही की. आता बगितलास न्हवं?”

“लिहितो. दुरुस्त करतो.”

“शब्द देतोस?”

“दिला,” मी म्हणालो.

त्या आवाराला किती किंमत होती त्यांच्या लेखी, हे त्या दिवशी मला पुरतं कळलं होतं, हे इथं नमूद करून ठेवतो. कळलं नव्हतं असं मी नंतर स्वतःलाही सांगून पाहिलं आहे.

ऑफिसात परतलो तर माझ्या पेन्सिलीच्या नोंदी शाईत गेल्या होत्या. मोरवळ्याचा तो भाग चौदा नंबरच्या शीटवर होता. शाईतली नोंद बदलायची तर ब्लेडनं खरवडायची, नवी लिहायची, बाजूला शेरा मारायचा आणि टिपणीस साहेबांची सही घ्यायची. टिपणीस म्हणजे आमचे उपअभियंता. माणूस हुशार, पण चूक सापडली की ज्याची असेल त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचे. माझ्याआधी असाच एकजण दोन चुका घेऊन त्यांच्याकडं गेला, आणि सोमवारपासून त्याची रोजंदारी बंद. कायम करायच्या लोकांची यादी तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती. त्यात माझं नाव होतं, वरून सातवं.

मी शीट घेऊन दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा परत आलो. तिसऱ्यांदा गेलोच नाही.

पंच्याऐंशीत आराखडा जाहीर झाला. महापालिकेच्या मोठ्या हॉलमध्ये नकाशे लावले आणि पेपरात जाहिरात दिली, की कुणाची हरकत असेल त्यानं साठ दिवसांत लेखी द्यावी. हॉलमध्ये ही गर्दी! आपलं घर कुठल्या रंगात आलं ते बघायला माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. कुणाचं शेत बागेच्या हिरव्यात अडकलेलं, तो कपाळ बडवून घेतोय. कुणाचं माळरान पिवळ्यात आलेलं, तो पेढे वाटतोय. एका रंगानं एक माणूस रातोरात लखपती आणि दुसरा भिकेला. मी रंग भरणाऱ्यांतला, त्यामुळं भिंतीला टेकून उभा राहून हे सगळं बघत होतो. तेवढ्यात दंडाला कुणीतरी धरलं.

“मला वाचता येत न्हाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “माझा आवा कुठं हाय ते बोट ठिवून दाव.”

मी बोट ठेवलं. जागा शेंगदाण्याएवढी होती.

“ह्यो रंग कसला?”

“पिवळा. म्हणजे राहायची घरं.”

“मग चांगलंच हाय की,” त्यांचा चेहरा खुलला. “आमी ऱ्हातोच की तितं.”

“राहता येईल मावशी. पण धूर चालणार नाही. पिवळ्यात भट्टी नाही, आवा नाही.”

त्यांनी नकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “पर तू लिवलंवतंस न्हवं? तू बदलतो म्हनलावतास.”

मी म्हणालो, “हरकत घ्या. मी स्वतः लिहून देतो. सुनावणी असते त्याची, तिथं विचारतात. मी सांगेन तिथं.”

“तू सांगशील?”

“सांगेन. मी बघितलंय ना डोळ्यांनी.”

तिथंच बाकावर बसून मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. तीन पिढ्यांची राख, घट, पणत्या, तुळशीराम, सगळं घातलं त्यात. सगुणाबाईंनी अंगठा उठवला. अर्जामागं माझा हात आहे हे कुणाला कळू नये म्हणून अक्षर मात्र मी जरा तिरपं काढलं.

सुनावणी चार महिन्यांनी लागली. तीन माणसांची समिती. साडेतीनशे हरकती, आणि एकेकाला मिळणार पाच मिनिटं. लोक व्हरांड्यात बसून राहायचे, नाव पुकारलं की आत जायचे, बोलायचे, बाहेर यायचे. मग लागलाच तर सर्व्हेअरला आत बोलावून खात्री करायची. सगुणाबाई सकाळी नऊपासून बाकावर होत्या, जवळ फडक्यात भाकरी. तुळशीरामची बायको बाळंत झाली होती, त्यामुळं तो आला नव्हता.

“नात झाली,” मला बघताच त्या म्हणाल्या. “ललिता ठिवलंय नाव. पायगुन चांगला हाय पोरीचा, बग आज काम हुतंय का न्हाय.”

दुपारी त्यांचं नाव पुकारलं. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. “समदं सांगितलं. आता म्हनले, तुमच्या मानसाला इचारतो. जा तू.”

मी आत गेलो. आत काय झालं ते पुढं सांगतो. आत्ता नको.

बाहेर आलो तेव्हा त्या दाराशीच उभ्या होत्या. “सांगितलंस?”

“सांगितलं.”

त्यांनी दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा मोडली. “औक्षवंत हो बाबा,” म्हणाल्या, “कोन बोलतं आमच्यासारख्यांसाठी साहेबाम्होरं?” मग फडकं सोडून अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी ते व्हरांड्यात उभ्यानं खाल्लं.

कार्तिकात मी कायम झालो.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. आराखड्याला मंजुरी यायला चार वर्षं लागली. तोवर मोरवळ्यात आवा लागत होता, धूर निघत होता, सगुणाबाईंना वाटत होतं की आपलं काम झालं. मंजुरी आली आणि तिथली जमीन सोन्याची झाली. पिवळी जमीन! आवाराच्या वरच्या अंगाला, जिथं मी छत्री घेऊन उभा होतो तिथं, चार मजली तीन इमारती उठल्या. तिथं राहायला आलेली माणसं काही वाईट नव्हती. त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत, त्यांची मुलं खोकत. त्यांनी अर्ज केला की राहत्या वस्तीत हा धूर कसा काय. बरोबरच होतं त्यांचं. नकाशात तिथं आवा नव्हताच कधी.

मी एकतीस-बत्तीस वर्षं हेच बघत आलो. शहर वाढतं ते असं. आधी कागदावर एखादा रंग येतो, मग त्या रंगात न बसणारी माणसं गुन्हेगार होतात. रंगारी, चांभार, म्हशीवाले, लोहार, कुंभार, ज्यांच्या धंद्याला धूर, वास किंवा आवाज आहे ते सगळे एकेक करून पिवळ्याच्या बाहेर गेले आणि शहर स्वच्छ झालं. पुष्कळ ठिकाणी ते योग्यही असेल. मी काही सगळ्या आराखड्याच्या नावानं बोटं मोडत नाही. माझी तक्रार एका तुकड्यापुरती आहे आणि ती माझ्याविरुद्धच आहे.

ब्याण्णवमध्ये आवा बंद करण्याची नोटीस निघाली. नोटीस घेऊन सगुणाबाई थेट ऑफिसात माझ्या टेबलाशी आल्या. तोवर मला खुर्ची होती, पंखा होता. मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं.

“असं कसं झालं रं?” त्या म्हणाल्या. “तू तर सांगितलंवतंस.”

मी म्हणालो, “मी सांगितलं मावशी. वर ऐकलं नाही त्यांनी.”

मला वाटलं होतं त्या रडतील, भांडतील, चार शिव्या हासडतील. हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू नगो जिवाला लावून घिऊस. तुजं काम तू केलंस. तू बोललास, त्येवडं झालं. आमच्या नशिबात न्हवतं.”

त्या मला समजावत होत्या! आजूबाजूचे कारकून बघत होते. मी पाणी मागवलं, त्या प्यायल्या आणि गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मोरवळ्याचे सगळे कुंभार पंचवीस किलोमीटर लांब, वाघजाईच्या माळावर गेले. राख उचलून नेता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं मला. पहिली तीन वर्षं मडकी तडकत होती, असं कुणीतरी सांगितलं. तुळशीराम माती-पाण्याच्या त्या ओढाताणीत खचला. पन्नाशीसुद्धा गाठली नाही त्यानं.

आता सुनावणीच्या खोलीत काय झालं ते सांगतो.

आत जाण्याआधी टिपणीस साहेबांनी मला जिन्यात गाठलं होतं. “हे बघ मोकाशी, एक नोंद चुकली असं तू म्हणालास, की बाहेर साडेतीनशे लोक बसलेत, ते प्रत्येक नोंद चुकली म्हणणार. अख्खा सर्व्हे पाण्यात. तुला विचारतील, पाहणीच्या दिवशी काय दिसलं? तेवढंच सांग. पाहणीच्या दिवशी जागा मोकळी होती ना?”

“होती साहेब.”

“मग झालं. खोटं कुणी बोलायला सांगतंय का तुला?”

आत गेलो. अध्यक्षांनी विचारलं, पाहणीच्या दिवशी जागेवर आवा होता का? मी म्हणालो, पाहणीच्या दिवशी जागा मोकळी आढळली. ते लिहून घेतलं गेलं. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण समितीत एक म्हातारे गृहस्थ होते, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांनी मान वर केली आणि अगदी मायेनं विचारलं, “पाहणी आषाढातली दिसते. कुंभार पावसात आवा लावत नाहीत हो. नंतर कधी गेला होतात का तिकडं? काही दिसलं का?”

दार माझ्यासाठी उघडंच ठेवलं होतं त्यांनी. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “नाही साहेब. नंतर गेलो नाही.”

एवढंच. त्यानंतर बाहेर येऊन भाकरी खाल्ली.

हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. उन्हाळ्यात ती माठ आणायची आणि मी नळाचं कोमट पाणी प्यायचो. ती म्हणायची, हा काय बाई विक्षिप्तपणा. तीस वर्षं कुठंही धूर दिसला की मी थांबून बघत राहायचो, मग तो पाचोळ्याचा का असेना. भरल्या मीटिंगमध्ये कुणी ‘मोकळी जागा’ म्हटलं की माझ्या कानात ती बाई खालून ओरडायची. वेड लागलं नाही एवढंच. नोकरीत माझं नाव चांगलं होतं. तरुण सर्व्हेअर मला हसायचे, कारण मी त्यांना दर तुकड्यात खाली उतरायला लावायचो आणि पावसाळ्यात सर्व्हे करू द्यायचो नाही.

निवृत्त झालो तेव्हा ठरवलं की जाऊन सांगायचं. पाय धरायचे. त्या काय करायचं ते करोत. चौकशी केली तर सगुणाबाई हयात होत्या. ऐंशीच्या घरात, डोळे गेलेले.

वाघजाईच्या माळावर पोचलो तेव्हा दुपार टळत होती. शेडखाली पंधरा-वीस चाकं, आता विजेवर फिरणारी. एक तिशीची बाई हिशोबी नजरेनं मला बघत पुढं आली. मी नाव सांगितलं. तिचा चेहरा बदलला.

“मी ललिता. तुळशीरामची मुलगी. कशाला आलात?”

“आजींना भेटायचंय. एक गोष्ट सांगायची राहिलीय.”

“सुनावणीची?”

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“माहितीच्या अधिकारात काढलाय मी कागद,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “आम्हाला इथं जागेचे कागद हवे होते, म्हणून जुनं सगळं मागवलं. त्यात निघाला. ‘नाही साहेब, नंतर गेलो नाही.’ आणि आजी लहानपणापासून सांगते की तुम्ही नवरात्राच्या आधी आला होतात, आवा बघितलात, चहा प्यालात.”

“खरं आहे,” मी म्हणालो. “तेच सांगायला आलोय. मला माफी...”

“नाही सांगायचं.”

“अगं पण...”

“नाही म्हणजे नाही. कागद आला तेव्हा आजीनं मला वाचायला लावला. मी वाचला. तुमचं उत्तर सोडून, माझ्या मनानं वाचला. का माहितीये? तिची जागा गेली, आवा गेला, माझा बाप गेला. एकच गोष्ट राहिलीय तिच्याकडं, की एक माणूस आपल्यासाठी साहेबासमोर बोलला होता. इथल्या प्रत्येक पोराला सांगते ती. तुमचं मन हलकं करायला ते मी तुम्हाला काढून नेऊ देणार नाही.”

मी तिथून परत फिरणार होतो. खरंच फिरलो होतो. पण आतून आवाज आला. “कोन हाय गं? कोन बोलतंय? मोकाशीचा आवाज हाय न्हवं?”

तेवीस वर्षांपूर्वी शेवटचा ऐकलेला तो आवाज त्यांनी ओळखला. ललितानं डोळे मिटले क्षणभर. मग म्हणाली, “या.”

सगुणाबाई बाजेवर बसल्या होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. हात चाचपडत माझ्या तोंडावरून फिरवले आणि हाका मारायला सुरुवात केली. “ए सुभान्या, ए पारू, समदी या रं! त्यो आलाय. आपल्या बाजूनं बोललेला त्यो आलाय!”

हातांना माती लागलेली माणसं चाकं बंद करून आत आली. बायका पदर सावरत दाराशी उभ्या राहिल्या. कुणीतरी मला खुर्ची दिली. एका म्हाताऱ्यानं पाय शिवले माझे, मी मागं घेईपर्यंत.

“सांग,” सगुणाबाई म्हणाल्या. “त्या दिशी आत काय काय बोललास त्ये सांग. मी भायर हुते, मला ऐकूच आलं न्हाय. कितीक वर्सं म्हनते, त्या मानसाचं बोलनं एकदा ऐकायचं हाय.”

मी ललिताकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. “सांगा ना,” ती म्हणाली. “ऐकतेय ती.”

मग मी बोललो. उभा राहिलो खुर्चीतून, हात जोडले आणि म्हणालो, “अध्यक्ष साहेब, ही नोंद माझी आहे आणि ती चूक आहे. मी आषाढात गेलो होतो. चिखल होता म्हणून रस्त्यावरून बघितलं, खाली उतरलो नाही. ह्या बाई मला उतर म्हणत होत्या. मला जिथं गवत दिसलं, तिथं तीन पिढ्यांची राख आहे. नवरात्राच्या आधी मी परत गेलो. आवा पेटलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला, तिथं बसून चहा प्यालो, आणि ह्यांना शब्द दिला. ह्या शहराचे घट तिथं भाजले जातात. त्या जागेला मोकळी म्हणू नका. चौदा नंबरची शीट खरवडा आणि तिथं आवा लिहा. माझी रोजंदारी बंद झाली तरी चालेल.”

एकही शब्द अडला नाही. कुठं अडणार? इतकी वर्षं रोज तोंडात घोळलेले होते ते. पारू म्हणून जी होती ती डोळे पुसत होती.

“आनि तरी ऐकलं न्हाय त्यांनी?” सगुणाबाईंनी विचारलं.

“नाही ऐकलं,” मी म्हणालो.

“मेले भैरे,” त्या म्हणाल्या, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बसल्या. “बगा रं पोरांनो. मानूस असा असावा.”

लोक माना डोलवत होते. मला रडू आलं, ते मी थांबवू शकलो नाही, आणि त्यामुळं त्यांचा माझ्यावरचा विश्वास आणखीच वाढला. कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं.

ललिता चहा घेऊन आली. गुळाचा. कप माझ्या हातात देताना वाकली आणि माझ्यापुरतं बोलली.

“चहा घ्या. आणि पुन्हा येऊ नका.”